भेसूर कथा लिहिणारा पो डिटेक्टिव्ह कथेचा जनक कसा झाला?

‘एडगर अ‍ॅलन पो दारुडा आणि अफूबाज होता, नशेच्या अमलाखाली त्याने त्या भेसूर कथा-कविता लिहिल्या, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. मग जिला थंड डोकं लागतं ती डिटेक्टिव्ह कथा याच माणसाने कशी सुरू केली? आणि पो वाचायचा असेल तर सुरुवात कुठून करू?’ असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. कॉलेजात अमेरिकन साहित्य शिकवताना हा प्रश्न जवळपास प्रत्येक वर्गात निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भेसूर पो आणि तर्कनिष्ठ पो असे दोन वेगळे लेखक नाहीत. त्याच्या भयकथांतले खुनी अत्यंत तर्कशुद्ध बोलतात आणि त्याचा डिटेक्टिव्ह दिवसा खिडक्या बंद करून अंधारात बसतो. दोन्हीकडे एकच विषय आहे: माणसाची बुद्धी काय करू शकते आणि ती कुठे दगा देते. दोन्हीकडची बांधणीही एकाच हातची आहे. हे पटण्यासाठी त्याच्याभोवतीची दंतकथा आधी बाजूला करावी लागते.

पो ७ ऑक्टोबर १८४९ रोजी बॉल्टिमोरच्या एका इस्पितळात वारला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. दोनच दिवसांनी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये ‘लुडविग’ या टोपणनावाने मृत्युलेख आला. ही बातमी ऐकून पुष्कळांना धक्का बसेल, पण दुःख फार थोड्यांना होईल, अशी त्याची सुरुवात होती. हा लुडविग म्हणजे रूफस ग्रिझवोल्ड, कवितांचे संग्रह काढणारा एक संपादक. पोने त्याच्या संग्रहावर टीका केली होती, आणि १८४२ मध्ये पोने ‘ग्रॅहम्स मॅगझिन’ सोडलं तेव्हा त्याच्या खुर्चीवर ग्रिझवोल्डच येऊन बसला होता. पुढे हाच माणूस पोच्या समग्र लेखनाचा संपादक झाला. १८५० मध्ये त्याने त्या लेखनाला जोडलेल्या चरित्रात पोला कृतघ्न, बेताल आणि कुणाचंच नसलेला माणूस करून टाकलं, आणि पुराव्यादाखल पोची पत्रं बदलून छापली. आर्थर हॉब्सन क्विन या चरित्रकाराने १९४१ मध्ये मूळ पत्रं आणि छापील पत्रं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा हा बनाव पुरता उघड झाला. तोवर नव्वद वर्षं उलटली होती आणि ग्रिझवोल्डने रंगवलेला पो जगभर पोहोचला होता. आजही इंटरनेटवर जो पो भेटतो तो बराचसा तोच आहे.

खरं काय होतं? पो प्यायचा, हे खरं. त्यापायी त्याच्या नोकऱ्या धोक्यात आल्या, माणसं तुटली. पण तो रोज पिणारा नव्हता. महिनोन्‌महिने दारूला न शिवता काम करायचा आणि मध्येच कोसळायचा, आणि थोडक्या दारूनेही त्याची अवस्था वाईट व्हायची असं त्याला ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. मरणाच्या आधी दीडेक महिना रिचमंडमध्ये त्याने दारू सोडण्याची शपथ घेणाऱ्या संस्थेचं सदस्यत्वही घेतलं होतं. अफूचं म्हणाल तर १८४८ मध्ये निराशेच्या भरात लॉडनम (अफूचा अर्क) घेतल्याचं त्याने स्वतः एका पत्रात लिहिलं आहे, पण व्यसनाचा पुरावा मिळत नाही. टॉमस डन इंग्लिश या माणसाशी पोचं उभं वैर होतं. त्या भांडणातून कोर्टकज्जाही झाला. हा इंग्लिश पेशाने डॉक्टर होता. पोला अफूची सवय असती तर ती माझ्या नजरेतून सुटली नसती, असं त्या वैऱ्याने लिहिलं आहे. हा दाखला मला कुठल्याही मित्राच्या साक्षीपेक्षा वजनदार वाटतो. अफू घेतात ते पोच्या कथांमधले निवेदक. ‘लायजीया’चा निवेदक अफूबाज आहे, आणि वाचकांनी तो पो आहे असं धरलं.

दुःख मात्र खरं होतं. १९ जानेवारी १८०९ रोजी बॉस्टनमध्ये नटनटीच्या पोटी जन्म. वडील घर सोडून गेले. आई एलायझा डिसेंबर १८११ मध्ये रिचमंडला वारली तेव्हा हे मूल तीन वर्षांचंही नव्हतं. तंबाखूचे व्यापारी जॉन अ‍ॅलन यांनी त्याला घरी नेलं, वाढवलं, इंग्लंडला नेऊन शाळेत घातलं, पण कायद्याने दत्तक कधीच घेतलं नाही. व्हर्जिनिया विद्यापीठात पोने जुगारात कर्ज करून ठेवलं, अ‍ॅलननी ते फेडायला नकार दिला, आणि १८३४ मध्ये मरताना त्याच्यासाठी एक पैसाही ठेवला नाही. मधल्या काळात पो खोट्या नावाने लष्करात भरती झाला, तिथे तोफखान्यात सार्जंट मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढला, मग वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला आणि तिथून १८३१ मध्ये काढून टाकला गेला. १८३६ मध्ये त्याने आपल्या आतेबहिणीशी, व्हर्जिनिया क्लेमशी लग्न केलं; ती अवघी तेरा वर्षांची होती, तो सत्तावीसचा. हे वाचताना आजच्या वाचकाला अवघडल्यासारखं होतं आणि ते व्हायलाच हवं. जानेवारी १८४२ मध्ये गाताना तिच्या तोंडातून रक्त आलं. क्षय. पाच वर्षं ती बरी होत, पुन्हा खंगत राहिली आणि ३० जानेवारी १८४७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या फोर्डममधल्या लहानशा घरात गेली.

या सगळ्याचा त्याच्या लेखनाशी संबंध नाही असं कोण म्हणेल? मरणाऱ्या तरुण स्त्रिया त्याच्या कवितेत पुन्हापुन्हा येतात. पण दुःख हा कच्चा माल झाला. त्याची कथा करणारं कसब वेगळं असतं, आणि पोचं ते कसब नियतकालिकांच्या कचेऱ्यांमध्ये घडलं. याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, म्हणून मी इथे थोडा थांबतो.

पो हा अमेरिकेतल्या अशा पहिल्या लेखकांपैकी आहे ज्यांनी केवळ लेखणीवर पोट भरायचा प्रयत्न केला. काळ त्याला अजिबात अनुकूल नव्हता. अमेरिकेचा कॉपीराइट कायदा परदेशी लेखकांना संरक्षण देत नव्हता. १८९१ पर्यंत हीच स्थिती होती. त्यामुळे डिकन्सची नवी कादंबरी जहाजाने आली की अमेरिकन प्रकाशक तिला दमडीही न देता छापून मोकळा व्हायचा. फुकटात डिकन्स मिळत असताना अनोळखी अमेरिकन लेखकाच्या पुस्तकाला पैसे कोण देणार? उरली मासिकं. ती कथेला, लेखाला, परीक्षणाला पानावर थोडेफार पैसे देत. पो रिचमंडच्या ‘सदर्न लिटररी मेसेंजर’मध्ये, मग फिलाडेल्फियात ‘बर्टन्स’ आणि ‘ग्रॅहम्स’मध्ये संपादक होता. ‘ग्रॅहम्स’मध्ये त्याचा वर्षाचा पगार आठशे डॉलर होता. शेकडो परीक्षणं त्याने लिहिली आणि ती इतकी कडक असत की लोक त्याला ‘टॉमहॉकवाला’ म्हणत. टॉमहॉक म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची लढाईतली कुऱ्हाड. रोज हाताखालून जाणारा मजकूर तपासताना कथा कुठे रेंगाळते आणि वाचक कुठे पान उलटून पुढे जातो, हे त्याला नेमकं कळू लागलं.

यातूनच त्याचा सिद्धान्त आला. १८४२ मध्ये नॅथॅनियल हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना त्याने तो मांडला. कथा एका बैठकीत वाचून संपली पाहिजे, अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत, कारण मध्ये जगाची कामं आली की परिणाम मोडतो. लेखकाने आधी कोणता एक परिणाम साधायचा ते ठरवावं आणि मग त्यासाठी प्रसंग शोधावेत. पहिल्या वाक्यापासून त्या परिणामाकडे न जाणारा एकही शब्द ठेवू नये. आज कथालेखनाच्या कार्यशाळेत हे सरसकट सांगतात. तेव्हा इतक्या स्पष्टपणे सांगणारा जवळपास तोच होता.

आता हा सिद्धान्त भयकथेत कसा चालतो ते ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये पाहा. जानेवारी १८४३ मध्ये छापलेली ही कथा चार-पाच पानांची आहे. एक माणूस आपल्याला सांगतो आहे की मी वेडा नाही. पुरावा काय? मी किती काळजीपूर्वक खून केला ते ऐका! म्हाताऱ्याबद्दल त्याच्या मनात राग नाही, पैशाचा लोभ नाही, उलट त्याचं म्हाताऱ्यावर प्रेम आहे. फक्त त्याचा एक डोळा, फिकट निळा, वर पातळ पडदा आलेला, गिधाडासारखा, त्याला सहन होत नाही. सात रात्री तो बरोबर मध्यरात्री दार उघडतो, नुसतं डोकं आत घालायला तासभर घेतो, कंदिलाची झडप किंचित सरकवून एकच किरण त्या डोळ्यावर पाडतो. सातही रात्री डोळा मिटलेला असतो, म्हणून काम होत नाही. आठव्या रात्री होतं.

वर्गात मी विद्यार्थ्यांना इथे एकच गोष्ट करायला सांगतो. निवेदकाच्या बोलण्यातले ‘म्हणून’ आणि ‘कारण’ शोधा. कथा त्यांनीच भरलेली आहे. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवरून निघते, क्रम कुठेही चुकत नाही. चुकीचं आहे ते फक्त गृहीतक: डोळा वाईट आहे, म्हणून माणूस मेला पाहिजे. तर्काची यंत्रणा उत्तम चालते आणि माणसाला खुनापर्यंत घेऊन जाते. भीती नेमकी इथून येते. पोच्या सगळ्यात गाजलेल्या कथांत भूत जवळजवळ नाहीच, हे लक्षात ठेवा. ‘द ब्लॅक कॅट’मधला नवरा, ‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’मधला माँट्रेसॉर, हे सगळे शांत, शिकलेले, व्यवस्थित बोलणारे लोक आहेत. माँट्रेसॉर तर खुनाची हकिकत पन्नास वर्षांनी सांगतो आहे आणि त्याच्या आवाजात अजूनही कंप नाही.

म्हणजे डिटेक्टिव्ह कथेचं सामान भयकथेतही आहे: बंद जागा, लपवलेलं प्रेत, बारीकसारीक तपशिलांची नोंद, पायरीपायरीने पुढे सरकणारी बुद्धी. फक्त इथे ती बुद्धी गुन्हेगाराच्या बाजूला आहे. या तिन्ही कथांच्या आधीच, एप्रिल १८४१ च्या ‘ग्रॅहम्स’मध्ये, पोने तीच बुद्धी दुसऱ्या बाजूला बसवली होती.

ती कथा ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’. त्या वेळी लंडनच्या पोलिसांत गुन्हे शोधण्याची स्वतंत्र शाखाही नव्हती. ती पुढच्या वर्षी, १८४२ मध्ये निघाली. न्यूयॉर्कला धड पोलीसदल मिळायला १८४५ उजाडलं. शहरं मात्र झपाट्याने फुगत होती, अनोळखी माणसं शेजारी राहायला येत होती, आणि एका पेनीला मिळणारी वर्तमानपत्रं खुनांच्या बातम्यांवर खपत होती. पोने घटनास्थळ निवडलं पॅरिस, जिथे तो आयुष्यात कधी गेला नाही. बातम्या, साक्षी, नकाशावरच्या रस्त्यांची नावं एवढ्यावर त्याने ते शहर उभं केलं.

चौथ्या मजल्यावरची खोली आतून बंद. आई आणि मुलगी यांचा भयंकर खून. चार हजार फ्रँक सोनं तसंच पडलेलं. जिन्यावरून धावलेल्या लोकांनी दोन आवाज ऐकले. एक फ्रेंच माणसाचा, याबद्दल सर्वांचं एकमत. दुसरा कर्कश. फ्रेंच साक्षीदार म्हणतो तो स्पॅनिश असावा, डच म्हणतो फ्रेंच, इंग्रज म्हणतो जर्मन, स्पॅनिश म्हणतो इंग्लिश, इटालियन म्हणतो रशियन. आणि गंमत अशी की ज्याने जी भाषा सांगितली ती त्याला स्वतःला येत नाही. पोलीस या साक्षींना निव्वळ गोंधळ मानतात. पोचा डिटेक्टिव्ह ऑगस्ट ड्यूपाँ म्हणतो, हीच तर सगळ्यात बोलकी गोष्ट आहे: पाच देशांच्या माणसांपैकी कुणालाही त्या आवाजात ओळखीचा एक शब्द सापडला नाही. उत्तर इथे सांगत नाही, ज्यांना माहीत नसेल त्यांनी ते कथेतच गाठावं. पण पद्धत पाहून ठेवा. घटनेत जे विचित्र आहे त्याला अडचण न मानता त्यालाच वाट मानायचं, आणि ‘काय घडलं’ याऐवजी ‘पूर्वी कधीच न घडलेलं असं इथे काय घडलं’ हे विचारायचं.

त्या एका कथेत पुढच्या दीडशे वर्षांची सगळी मांडणी आली. पोलिसांबाहेरचा हुशार, एककल्ली माणूस. त्याच्या सोबत राहणारा, आपल्यासारखाच चकित होणारा निवेदक मित्र. मेहनती पण कल्पनाशून्य पोलीस अधिकारी. चुकून पकडलेला निरपराध. बंद खोली. शेवटी समजावून सांगितलेला उलगडा. होम्स आणि वॉटसन, प्वारो आणि हेस्टिंग्ज, आपल्याकडे मराठीतही वाचले जाणारे ब्योमकेश आणि अजित, फेलूदा आणि तोपशे, सगळे या चौकटीतून चालत आले आहेत. १८८७ च्या पहिल्याच कथेत होम्स ड्यूपाँला अगदीच सुमार म्हणून झटकून टाकतो. कॉनन डॉयलचं स्वतःचं मत मात्र अगदी उलट होतं. पोचं ऋण त्याने अनेकदा मोकळेपणाने मान्य केलं.

माझ्या मते ड्यूपाँच्या तीन कथांत खरी थोर कथा तिसरी आहे, ‘द पर्लॉइन्ड लेटर’, १८४४ मधली. तिच्यात खून नाही, रक्त नाही, चोर कोण हेही पहिल्याच काही पानांत कळतं. एका मंत्र्याने राजघराण्यातल्या स्त्रीच्या डोळ्यांदेखत तिचं नाजूक पत्र उचललं आहे आणि त्या जोरावर तो तिला नाचवतो आहे. पोलीसप्रमुख त्याचं घर महिनोन्‌महिने रात्री पिंजून काढतो. खुर्च्यांचे पाय, टेबलांचे सांधे भिंगाखाली तपासतो, गाद्यांत लांब सुया खुपसतो, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांची जाडी मोजतो. पत्र सापडत नाही. ड्यूपाँ हिरवा चष्मा लावून मंत्र्याकडे गप्पा मारायला जातो आणि त्याला ते शेकोटीच्या फळीखाली लोंबणाऱ्या एका स्वस्त पुठ्ठ्याच्या कप्प्यात, सगळ्यांना दिसेल असं, उलटं करून मळवून ठेवलेलं सापडतं.

पत्र उघड्यावर होतं ही युक्ती सर्वांना आठवते. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ड्यूपाँचा खुलासा. पोलीसप्रमुखाची समजूत अशी की मंत्री कवी आहे, म्हणजे अर्धा मूर्ख. ड्यूपाँ म्हणतो, तो कवीही आहे आणि गणितीही आहे, म्हणून तो नीट विचार करू शकतो. नुसता गणिती असता तर त्याला विचारच करता आला नसता आणि तो कधीच सापडला असता. ड्यूपाँ स्वतःही कधीमधी पद्य जुळवतो अशी कबुली त्याने आधीच देऊन ठेवलेली असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर पोने स्वतः इथे लिहून ठेवलं आहे. त्याच्या दृष्टीने कल्पनाशक्तीवाचून तर्क आंधळा असतो. समोरच्याच्या मनात शिरता आलं तरच त्याचा पुढचा डाव कळतो. ड्यूपाँ एका आठ वर्षांच्या मुलाचं उदाहरण देतो. तो गोट्यांच्या एकी-बेकीच्या खेळात सगळ्यांना हरवायचा, कारण समोरच्या पोराच्या चेहऱ्यावरचे भाव तो स्वतःच्या चेहऱ्यावर आणायचा आणि मग आपल्या मनात काय येतं ते पाहायचा. खुनी माणसाच्या तोंडून कथा सांगणारा लेखक नेमकं हेच करत असतो.

आता ‘द रेव्हन’ ही कविता. २९ जानेवारी १८४५ रोजी ती न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग मिरर’मध्ये आली आणि पो एका रात्रीत नामवंत झाला, पैसे मात्र जेमतेम मूठभर डॉलर मिळाले. पुढच्या वर्षी त्याने ‘द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन’ हा लेख लिहून ही कविता आपण गणितासारखी कशी सोडवत नेली ते सांगितलं. लांबी सुमारे शंभर ओळी (प्रत्यक्षात १०८ झाल्या), भाव उदासीचा, ध्रुवपद एकाच शब्दाचं, तो शब्द पुन्हापुन्हा उच्चारायला विचार न करणारा प्राणी हवा, आधी पोपट सुचला, मग डोमकावळा. सगळं असंच शिस्तीत घडलं असेल यावर माझा विश्वास नाही, आणि अनेक अभ्यासकांचाही नाही. पण आपली कविता झपाटलेपणातून न येता हिशेबातून आली असं जगाला सांगावंसं वाटणारा कवी कोण असतो, याचा विचार करा. ग्रिझवोल्डच्या पोच्या तोंडी ही भाषा शोभत नाही.

कवितेतही तर्क आहे. मध्यरात्री पक्षी आत येतो. नाव विचारलं तर म्हणतो ‘नेव्हरमोअर’, म्हणजे ‘पुन्हा कधीच नाही’. अठरांपैकी अकराव्या कडव्यात तो शोकाकुल माणूस चक्क ड्यूपाँसारखा निष्कर्ष काढतो: याला एवढा एकच शब्द येतो, कुणा दुर्दैवी मालकाकडून ऐकून शिकला असणार. उलगडा झाला, आणि तो बरोबरही आहे. आता भिण्याचं कारण उरलं नाही. तरीही तो खुर्ची ओढून पक्ष्यासमोर बसतो आणि एकेक प्रश्न असा विचारत जातो की त्या एका शब्दाने काळजाला अधिकाधिक खोल जखम व्हावी. माझी गेलेली प्रेयसी लिनोर मला परलोकात भेटेल का? उत्तर काय येणार हे त्याला ठाऊक आहे. दुःखात माणूस हे करतो, हे पोला ठाऊक होतं. बुद्धी उलगडा करून बाजूला होते आणि मन तरी त्याच जागी परत जाऊन बसतं.

पोच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ‘रू मॉर्ग’मध्ये काही महत्त्वाचे धागेदोरे ड्यूपाँ आपल्याला फार उशिरा दाखवतो, त्यामुळे वाचकाला स्वतः उत्तर शोधायची संधी पुरती मिळत नाही, धागेदोरे वाचकासमोर वेळेवर ठेवायचा प्रामाणिकपणा पुढच्या पिढ्यांनी शिकवला. पोलाही याची जाणीव होती. १८४६ मध्ये फिलिप कुक या मित्राला त्याने लिहिलं की या कथा लोकांना वाटतात तितक्या चतुर नाहीत. सोडवण्यासाठीच जे जाळं आपण स्वतः विणलं ते सोडवण्यात कसली आली हुशारी, अशा अर्थाचं त्याचं वाक्य आहे. मग स्वतः न विणलेलं जाळं सोडवून पाहिलं तर? तो प्रयत्न म्हणजे दुसरी ड्यूपाँ कथा, ‘द मिस्टरी ऑफ मेरी रोजे’. न्यूयॉर्कच्या सिगारच्या दुकानात काम करणाऱ्या मेरी रॉजर्स या तरुणीचं प्रेत जुलै १८४१ मध्ये हडसन नदीत सापडलं होतं. पोने प्रकरण पॅरिसला नेलं, नावं बदलली आणि फक्त वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचून ड्यूपाँकडून ते सोडवायला घेतलं. कथा क्रमशः छापून येत असतानाच खऱ्या प्रकरणात वेगळीच माहिती पुढे आली. १८४५ च्या पुस्तकात ही कथा घेताना पोने ठिकठिकाणी वाक्यं बदलून, दोन्ही शक्यतांना जागा राहील अशी डागडुजी केली. खरा खून आजतागायत उलगडलेला नाही. कथा म्हणून ती कंटाळवाणी आहे, पण खऱ्या गुन्ह्यांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा वाचावी.

मृत्यूबद्दलही विचारलं जातंच, म्हणून थोडक्यात. ३ ऑक्टोबर १८४९ रोजी, निवडणुकीच्या दिवशी, मतदान केंद्र असलेल्या बॉल्टिमोरच्या एका खानावळीत तो बेभान अवस्थेत सापडला. अंगावर दुसऱ्या कुणाचे तरी बेढब कपडे होते. चार दिवसांनी तो गेला. त्या काळी गुंड लोक माणसं पळवून, दारू पाजून, कपडे बदलून पुन्हापुन्हा मतदान करायला लावत, त्यात तो सापडला असावा असा एक तर्क आहे. रेबीजपासून मेंदूतल्या गाठीपर्यंत इतरही अनेक तर्क आहेत. इस्पितळाची कागदपत्रं उरलेली नाहीत, त्यामुळे यातला कुठलाही सिद्ध होणार नाही. यावर वेळ घालवण्यापेक्षा एखादी कथा वाचा.

कुठली, ते सांगतो. सुरुवात ‘द टेल-टेल हार्ट’पासून करा, आणि मोठ्याने वाचा, वाक्यांचा वेग वाढत जातो तो कानालाच कळतो. मग ‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’. या दोन्ही मिळून तासाभरात होतात. तिसरी ‘द पर्लॉइन्ड लेटर’. क्रमाने ती शेवटची असली तरी आधी वाचली तर चालते, आणि ड्यूपाँचा विचार तिच्यात सगळ्यात स्वच्छ दिसतो. त्यानंतर ‘रू मॉर्ग’. तिच्या सुरुवातीला बुद्धिबळ आणि ड्राफ्ट्स (बुद्धिबळाच्या पटावरचा सोंगट्यांचा खेळ) यांच्यावर लांबलचक चर्चा आहे, तिथे बरेच जण पुस्तक मिटतात. पहिल्या वेळी ती पानं सरळ ओलांडा. ड्यूपाँ आपल्या मित्राच्या पंधरा मिनिटांच्या मौनातली विचारांची साखळी त्याला उलगडून सांगतो, तिथून धरा.

‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ आणि ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ त्यानंतर. त्यांत गोष्ट थोडी आणि वातावरण दाट आहे, म्हणून घाईत वाचू नका. साथीत किल्ल्याची दारं आतून बंद करून मेजवानी झोडणारा राजपुत्र प्रॉस्पेरो आपल्याला २०२० नंतर वेगळाच भेटतो. ‘द गोल्ड-बग’ कोडी आवडणाऱ्यांसाठी. पोने फिलाडेल्फियात वाचकांना सांकेतिक मजकूर पाठवायचं आव्हान देऊन तो सोडवून दाखवला होता. तेच कसब या कथेत वापरून त्याने १८४३ मध्ये शंभर डॉलरचं बक्षीस मिळवलं. पुढे अमेरिकेच्या सांकेतिक लिपीशास्त्राचा पाया घालणारा विल्यम फ्रीडमन लहानपणी हीच कथा वाचून या विषयाकडे वळला. मात्र तिच्यातला कृष्णवर्णीय नोकर ज्युपिटर ज्या हिणकस पद्धतीने रंगवला आहे ते आज बोचतं, आणि शिकवताना ते मी टाळून पुढे जात नाही.

कवितांमध्ये ‘द रेव्हन’ आणि ‘अ‍ॅनाबेल ली’. ‘द बेल्स’ फक्त नादासाठी. ‘युरेका’ आणि ‘आर्थर गॉर्डन पीम’ची कादंबरी यांच्याकडे घाईने जाऊ नका, पो आवडला असेल तर ती तुम्हाला आपोआप सापडतील. सगळं लेखन केव्हाच कॉपीराइटमुक्त झालं आहे, त्यामुळे विकत घ्यायलाच हवं असंही नाही. बॉल्टिमोरच्या पो सोसायटीच्या संकेतस्थळावर एकेका कथेचे पोच्या हयातीत छापलेले निरनिराळे पाठ स्वतंत्रपणे ठेवलेले आहेत. ‘मेरी रोजे’चा मासिकातला आणि १८४५ च्या पुस्तकातला असे दोन पाठ तिथे समोरासमोर उघडा, आणि पोने कुठे, कोणता शब्द, कशासाठी फिरवला ते स्वतः शोधून पाहा.